बंद खोलीतून आलेली ओ

धायरीतल्या त्या घरात इंटरनेट रोज तिन्हीसांजेला जायचं. दुपारी नीट चालायचं, जेवणानंतर नीट चालायचं, रविवारी सकाळी तर काही विचारू नका. पण घराघरांत दिवे लागायची वेळ झाली की जायचं आणि तासाभराने परत यायचं. आम्ही काय केलं म्हणून आलं, हेही कळायचं नाही.

त्या घरात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी भाड्याने राहत होतो. खाली घरमालक काका आणि काकू. काका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे येण्याआधी सिंहगड रस्त्यावरच्या तीन घरांत मला खोली मिळता मिळता राहिली होती. तिन्ही ठिकाणी आधी खोली दाखवली, मग आडनाव विचारलं, आणि मग त्यांचा कोणी भाचा अचानक पुण्याला शिकायला येणार असल्याचं निघालं. काकांनीही आडनाव विचारलं. ऐकून हसले आणि म्हणाले, "आधी जेवून घे. खोली कुठं पळून जात नाही." आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आमच्या घरी होती तशीच.

मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावात शिकलो. वडील बसच्या आगारात गाड्या धुवायचे. घरात पदवी घेतलेला मी पहिला. कॉम्प्युटरचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि दाबण्याआधी हात शर्टाला पुसला होता. अशा माणसाला पुण्यातल्या कंपनीत नोकरी लागली म्हणजे काय, हे मला इथे समजावून सांगता येणार नाही. गावी वडिलांनी पेढे वाटले. मी अजून प्रोबेशनवर आहे, सहा महिन्यांनी कायम करतील किंवा काढतील, हे त्यांना सांगायची मला हिंमत झाली नव्हती.

काम असं होतं. इंग्लंडातल्या एका गिऱ्हाइकाच्या तक्रारी रोज संध्याकाळी साडेसहापासून कॉम्प्युटरवर यायच्या आणि त्यांना पंधरा मिनिटांच्या आत उत्तर द्यावं लागायचं. ऑफिसात त्या वेळी आमच्या खुर्च्यांवर दुसरी पाळी बसायची, म्हणून आम्हा नव्या लोकांना हे काम घरून करायला सांगितलं होतं. मी बुधवार पेठेतून जोडून घेतलेला एक जुना कॉम्प्युटर आणला होता. काकांकडे एक होता. इंटरनेटची लाइन खाली काकांच्या कॉम्प्युटरला जोडली आणि त्याच्यातून ती वर माझ्या कॉम्प्युटरला वाटून घेतली. त्यासाठी नवी वायर ओढावी लागली नाही. घरात आधीच वायरी टाकलेल्या होत्या. जिन्याच्या वरच्या चौथऱ्यावर लाकडी कपाटात एक छोटी डबी होती, तिला हब म्हणतात. सगळ्या वायरी तिथे येऊन मिळत.

"हे कोणी केलंय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काम फार सफाईचं होतं.

"मुलाने," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मुलगा दोन वर्षांपूर्वी कात्रजच्या घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. वर माझ्या खोलीला लागून त्याची खोली होती, तिला कुलूप असायचं. एवढंच मला माहीत होतं, आणि याहून जास्त मी विचारलं नाही.

पहिले तीन दिवस इंटरनेट गेलं तेव्हा मला वाटलं बाहेरची लाइन खराब आहे. चौथ्या दिवशी तक्रारीवरून एक लाइनमन आला. तो जवळच्याच गावातला होता. खांबावर चढला, उतरला, खालच्या खोलीत यंत्र लावून बघितलं, आणि हात झाडत म्हणाला, "लाइन एक नंबर हाय सायब. बाहेर कायबी नाय. जे काय हाय ते तुमच्या घरातच हाय."

काका म्हणाले, "घरात आम्ही तिघं. माझ्यावर संशय आहे का?"

लाइनमन हसला नाही. त्याने एकदा जिन्याकडे वर पाहिलं आणि चहा न घेता गेला.

पाचव्या दिवशी ऑफिसात मॅडमनी बोलावलं. आमच्या गटाच्या प्रमुख. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "आपल्या घरी रोज सूर्यास्ताला इंटरनेट मावळतं, असं आपलं म्हणणं आहे का?"

"हो मॅडम. मी शोधतोय."

"शोधा. या महिन्यात आपलं प्रोबेशन संपतंय. गिऱ्हाइकाला पंचांग बघून तक्रार करायला सांगता येणार नाही मला."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मी वायरींची टोकं कापून नवी बसवली. काकांच्या कॉम्प्युटरचं कार्ड बदललं. रोज संध्याकाळी इंटरनेट गेलं की मी जिना उतरून खाली धावायचो, काकांचा कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचो, वर जाऊन बघायचो, परत खाली. काका शांतपणे बातम्या बघत बसलेले असत.

"गेलं का?"

"गेलं काका."

"गेलं असेल फिरायला. संध्याकाळी सगळेच जातात."

काकू त्या वेळी खाली नसायच्या. गच्चीवरचे कपडे काढायला आणि झाडांना पाणी घालायला वर गेलेल्या असायच्या. काकांचे गुडघे गेले होते, त्यांनी वर्षभरात जिना चढला नव्हता.

त्या घराची एक शिस्त होती. संध्याकाळी सहाच्या पुढे काका-काकू बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत. वंदनेच्या आधी काका उठून घरातलं प्रत्येक यंत्र बंद करत. टीव्ही, रेडिओ, मिक्सर, कॉम्प्युटर. पंखासुद्धा. "दिवसातून पंधरा मिनिटं तरी घराला घर असू दे," असं म्हणायचे. वंदना झाली की एकेक चालू करत. मला हे फार आवडायचं. ती पंधरा मिनिटं एवढी शांत असत की वर माझ्या खोलीत काकांच्या आवाजातला प्रत्येक शब्द ऐकू यायचा.

त्याच शांततेत नवव्या दिवशी मला भिंतीतून घरघर ऐकू आली. बारीक, एकसारखी. मला वाटलं कान वाजताहेत.

दहाव्या दिवशी मी ठरवलं की आज नुसतं धावायचं नाही, पद्धतशीर बघायचं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारता येते. आपण त्याच्या पत्त्यावर एक छोटा संदेश पाठवतो, आणि तो चालू असेल, तर तिकडून ओ येते. पडद्यावर एक ओळ उमटते. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता असतो, आणि इंटरनेट वाटणारा कॉम्प्युटर पहिला नंबर आपणहून स्वतःकडे घेतो. आमच्याकडे तो काकांचा. इंटरनेट गेल्यावर मी त्या पहिल्या नंबरला हाक मारली.

ओ आली. एकामागून एक चार ओळी.

म्हणजे काकांचा कॉम्प्युटर माझ्याशी बोलत होता. मग इंटरनेट का नाही? मी खाली गेलो आणि त्याच्या मागची घरची वायर उपटली. आता तो माझ्यापुरता नसल्यासारखाच होता. वर आलो. सहज, खात्री करायला, पुन्हा हाक मारली.

ओ आली.

मी उठून खाली गेलो. वायर जमिनीवर पडली होती. काका म्हणाले, "काय झालं रे? चेहरा का असा?" मी काही नाही म्हणालो. वर आलो. पुन्हा हाक मारली. ओ. उत्तराला लागलेला वेळही पडद्यावर दिसतो, तो जवळजवळ शून्य होता. जे कोणी ओ देत होतं ते लांब नव्हतं. ते याच घरात होतं.

आमच्या वडिलांनी भूतखेत, नवससायास हे सगळं घरातून कधीच बाहेर काढलं होतं. पण आई ज्या गावातून आली त्या गावात एक समजूत होती: तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. लहानपणी ती हे वडिलांच्या नकळत सांगायची. हाक मारणाऱ्याने काय करावं, ते मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं.

मी घरातल्या कॉम्प्युटरांची यादी उघडली. आजपर्यंत ती उघडायची गरजच पडली नव्हती, कारण दोनच होते. यादीत आता माझं नाव होतं आणि खाली दुसरं एक नाव होतं. ते मी खालच्या खोलीत मुलाच्या फोटोखाली वाचलेलं होतं. घरात हाक मारायचं लाडाचं नाव.

मी जिन्याच्या चौथऱ्यावर गेलो आणि हबचं कपाट उघडलं. डबीवर प्रत्येक वायरीचा एक छोटा हिरवा दिवा असतो. काकांचा विझलेला होता, कारण वायर मीच काढली होती. माझा लागलेला होता. तिसरा दिवा लुकलुकत होता. तिसरी वायर कपाटाच्या मागच्या भोकातून निघून भिंतीत जात होती, आणि ती भिंत कुलूपबंद खोलीची होती.

दाराला कुलूप लावलेलं नव्हतं. ते उघड्या कडीत नुसतंच अडकवलेलं होतं. दाराखालून निळसर उजेडाची पट्टी बाहेर आली होती. आत तीच घरघर. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. दार आतून उघडलं.

काकू होत्या. खांद्यावर गच्चीवरचे वाळलेले कपडे. आम्ही दोघंही दचकलो.

"तू?" त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज उतरवून, "ह्यांना सांगू नकोस हं. पाया पडते तुझ्या."

"काकू, अहो, असं काय बोलता..."

आत त्याचा कॉम्प्युटर चालू होता. टेबल पुसलेलं, खुर्ची नीट सरकवलेली. पडद्यावर डोंगराचं चित्र. बाकी काही नाही.

"मी काही करत नाही रे," त्या म्हणाल्या. "मला काय येतंय. नुसतं बटण दाबते. तो कॉलेजातून आला की आधी हे चालू करायचा, मग चपला काढायचा. मी ओरडायची. खालून घरघर ऐकली की मला कळायचं, आला. हे वंदनेआधी सगळं बंद करत फिरतात ना, तेव्हा घर असं... तेव्हा मला ते सोसवत नाही. म्हणून मी वर येते आणि हे लावून जाते. वंदना झाली की तासभर इथे बसते."

मग मला सगळं एका क्षणात कळलं. पूर्वी घराला इंटरनेट वाटणारा कॉम्प्युटर त्याचा होता. पहिला नंबर त्याने स्वतःकडे घेतला होता, आणि त्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं की आता ती जागा त्याची नाही. रोज संध्याकाळी काका घरातली सगळी यंत्रं बंद करत तेव्हा तो नंबर रिकामा व्हायचा. तेवढ्यात काकू वर त्याचा कॉम्प्युटर लावत. तो जागा होऊन आपल्या जुन्या जागेवर बसायचा. वंदना आटोपून काका आपला चालू करत, तर त्यांची जागा गेलेली. त्याची सूचनासुद्धा त्यांच्या पडद्यावर रोज यायची, आणि काका ती न वाचता बंद करायचे. कचेरीत आयुष्यभर फायलींवर 'पाहिले' म्हणून सही केलेला माणूस. पडद्यावर काहीही आलं की ते बटण दाबून टाकत. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "रोजचंच होतं ते. महत्त्वाचं असतं तर दोनदा आलं असतं."

मी काकूंना माझी अडचण सांगितली. नोकरीचं सांगितलं, वडिलांनी पेढे वाटल्याचं सांगितलं. त्या घाबरल्याच. "अगं बाई, माझ्यामुळे? मग मी नाही लावत उद्यापासून."

"नाही काकू. लावा तुम्ही. मी फक्त याचा नंबर बदलतो. दहा मिनिटांचं काम आहे."

आता वाटतं, वायर काढून टाकली असती तरी भागलं असतं. त्यांना हवी होती ती घरघर. इंटरनेटशी त्यांचा काय संबंध? पण मला ते सुचलं नाही. मला सगळं आयुष्यच कुठेतरी जोडून घेतल्यामुळे मिळालेलं, त्यामुळे चांगली चालणारी वायर काढायची हे माझ्या डोक्यातच येत नसे.

अकराव्या दिवशी वंदनेनंतर मी त्याच्या खुर्चीवर बसलो. काकूंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो शेवटपर्यंत उचलला नाही. मी जुना नंबर काढला आणि कॉम्प्युटरला स्वतःहून नवा नंबर घेऊ दिला. खाली काकांचा कॉम्प्युटर आपल्या जागेवर आला. मी माझ्या खोलीत जाऊन बघितलं तर इंटरनेट चालू. साडेसहाला दोन मिनिटं होती. पहिली तक्रार आली आणि मी टाइप करायला लागलो. इतका आनंद झाला होता मला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे घंटी वाजली. छोटी, काचेवर नख मारल्यासारखी. मग आणखी एक. मग लागोपाठ, मोजता येणार नाहीत इतक्या.

"बाळा," काकूंचा आवाज आला. "अरे बाळा, हे काय होतंय बघ ना."

दोन वर्षं त्याच्या कॉम्प्युटरला बाहेरचा रस्ता नव्हता. मी तो उघडून दिला होता. त्यातलं गप्पा मारायचं सॉफ्टवेअर चालू होताच आपोआप त्याच्या नावाने आत जायचं, तशी त्याने सोय करून ठेवली होती. त्याच्या माघारी आलेले सगळे निरोप पडद्यावर एकावर एक उघडत होते.

"काय लिहिलंय?" काकू म्हणाल्या. "वाच की."

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. मी वाचलं. सगळ्यांत जुना निरोप तो गेला त्याच दिवसाचा होता. 'पोचलास का रे?' मग, 'फोन उचल.' मग, 'अरे कुठे आहेस?' मग मोठी रिकामी जागा. मग कोणी त्याच्या वाढदिवसाला लिहिलं होतं, तो गेला हे माहीत असूनही. एका मित्राने परदेशात गेल्यावर लिहिलं होतं, 'इथे बर्फ पडतोय, तुला दाखवायचा होता.' काकू उभ्याच होत्या. मी वाचत होतो. माझ्या खोलीत तक्रारी येत असणार, पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार, हे मला कळत होतं. मी उठलो नाही.

मग एक नवी ओळ आली. जुनी नव्हती. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत उमटली.

'कोण आहे?'

तो बर्फवाला मित्र होता. तिकडे, कुठल्याशा देशात, त्याच्या पडद्यावर मेलेल्या मित्राच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता.

'कोण बसलंय तिथे? ही चेष्टा असेल तर बंद करा. प्लीज.'

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्या पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "लिही. आई आहे म्हणावं."

मी लिहिलं. खाली काकांच्या टीव्हीवर बातम्या संपून जाहिराती लागल्या. मग ओळ उमटली.

'काकू, जेवलात का?'

काकू मटकन पलंगावर बसल्या. "आमच्याकडे जेवायचा रे तो," म्हणाल्या. "दोघं एका ताटात."

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे मी खरं ते सांगितलं. दुसरं काही सुचण्याइतका मी हुशार नव्हतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडे लोक सुट्टीसाठी आजीला मारतात," त्या म्हणाल्या. "मेलेल्याला उठवणारे आपण पहिलेच." मग कागदावर काहीतरी लिहिलं. "कायम करायचं की नाही, ते आता महिन्याच्या शेवटी ठरवू. तोपर्यंत एक संध्याकाळ जरी चुकली तरी मला बोलवायचीसुद्धा गरज पडणार नाही. कळलं?"

कळलं होतं. पण साडेसहाला पलीकडे घंटी वाजली आणि काकू दारात आल्या. "पाचच मिनिटं रे. मला ती अक्षरं लागत नाहीत." मी तक्रारींचा पडदा उघडा ठेवून गेलो. पाच मिनिटांची वीस झाली. एका तक्रारीला उत्तर चौदाव्या मिनिटाला गेलं. मी भिंतीच्या दोन बाजूंना धावत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी एक नवं नाव आलं. मुलीचं, नागपूरकडची असावी. तिची आणि त्याची भेट कधी झालेली नव्हती, नुसतं पडद्यावर बोलणं व्हायचं हे जुन्या निरोपांवरून दिसत होतं. तिने लिहिलं होतं, 'एवढी दोन वर्षं कुठे होतास? मला वाटलं रागावलास.'

"हिला माहीत नाही काकू," मी म्हणालो. "काय लिहू?"

काकू जिन्याकडे कान लावून ऐकत होत्या.

जिन्यावर पावलं वाजत होती. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. त्या जिन्यावर माझी आणि काकूंची पावलं मी ओळखत होतो. ही तिसरीच होती. काकूंनी माझा दंड धरला. मला कळत होतं की घरात आणखी एकच माणूस आहे, आणि तरीही पाठीवर काटा आला होता. प्रत्येक पायरीला कठड्याचं लाकूड करकरत होतं. मग दारात काका उभे राहिले, घामाने निथळत, एका हाताने चौकट धरून.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं.

"रोज घंटी वाजते वर," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच ऐकू येतेय."

मग काका मला म्हणाले, "तुझी नोकरी नाही का या वेळेला?"

"आहे."

"मग ऊठ. मला इंग्रजी वाचता येतं."

मी उठलो. काका हळूहळू त्या खुर्चीवर बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी माझ्या खोलीत आलो, दार लावलं, आणि तक्रारींना उत्तरं द्यायला लागलो. त्या दिवसापासून एकही संध्याकाळ चुकली नाही. काका रोज वंदनेनंतर जिना चढत. पाऊण तास तरी तिथे बसत. महिन्याच्या शेवटी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी ते आधी काका-काकूंना दाखवलं, मग गावी फोन केला. त्या दोघांनी मला जे दिलं ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पण पत्र मिळण्याच्या साधारण आठवडाभर आधीची एक संध्याकाळ आहे. तक्रारी कमी होत्या. मी हात थांबवून बसलो होतो, आणि भिंतीतून काकांचा आवाज येत होता. सरकारी पत्र वाचावं तसा, एकेक शब्द सुटा करून.

"ती नागपूरची विचारते आहे, तब्येत आता कशी आहे."

मग काकू.

"बरा आहे म्हणावं."

कळफलकाचा आवाज आला. एका बोटाने, सावकाश.

"आणि विचार," काकू म्हणाल्या, "तुझी परीक्षा कशी गेली."

मी उठून जाऊ शकलो असतो. चार पावलांवर दार होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की काकू, तिला खरं सांगायला हवं. पण त्या खोलीत गेलो तर पुन्हा मीच त्या खुर्चीवर बसलो असतो, आणि मला माझी संध्याकाळ हवी होती. पडद्यावर नवी तक्रार आली. मी तिचं उत्तर लिहायला घेतलं. पलीकडे घंटी वाजली, आणि दोघंही हसल्याचा आवाज आला.